सोनं, चांदी, मरण

"सोनं," पुरिता म्हातारी जमिनीवर उभ्याउभ्याच म्हणाली आणि मग पहिली पायरी चढली. "चांदी. मरण. सोनं..."

लबाडीच होती ती, सरळसरळ. पायऱ्या चौदा होत्या. तिने आल्याआल्याच मोजल्या होत्या. नीट म्हटलं असतं तर शेवटची चांदीवर आली असती. पण जिना मरणावर संपला की त्या घरातलं माणूस जातं, हे मनिलात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तिचा मुलगा रेनांते तर चाळिशी उलटली तरी शुक्रवारी नखंसुद्धा काढत नव्हता.

सुनेला अंगण हवं, गाडीला जागा हवी, म्हणून तिघं आज शहराबाहेर बुलाकानातलं हे घर बघायला आली होती. काल पाहिलेली मनिलातली सांपालोकची जागा होती दोनच खोल्यांची, पण तिथून तिच्या डायलिसिसचं इस्पितळ चालत पाच मिनिटं. इथून बसने दोन तास, आठवड्यातून तीनदा. आपण वर्षही काढणार नाही, हे म्हातारीला पुरतं कळत होतं.

"...सोनं. चांदी." धाप लागली. कठडा धरून तिने वरची पायरी गाठली. "मरण! अगं बाई! रेनांते, ऐकलंस ना?"

खाली उभ्या रेनांतेचा चेहरा उतरला. "मारिविक, हे घर नको. आपली खोली वर आहे."

मारिविक खिडकीतून अंगण बघत होती. तिने मानही वळवली नाही. "मग खालची घेऊ आपण. आईंना वर देऊ."

"अगं, पण जिना..."

"जो चढेल त्याला भोवेल ना? आपल्याला काय?"

रेनांतेने जिन्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हे मला सुचलंच नाही बघ."

म्हातारी कठड्यावरून खाली वाकली. "अरे, चुकलं माझं! चौदाच आहेत. मी जमिनीवरूनच सुरुवात केली. तू मोज हवं तर."

"बघा," मारिविक हसली, "स्वतःवर आल्यावर बरोब्बर चौदा झाल्या!"

"रेनांते, बाळा, तू तरी वर ये. एकदा मोजून बघ."

तो जिन्याशी आला. एक पाय उचलला, आणि मागे घेतला.

"आई, मी दलालाला हो सांगून येतो," तो खालूनच म्हणाला. "तू आता उगाच चढउतार करू नकोस. वरच थांब, पलंग कुठे लावायचा ते बघून ठेव."