उचलणाऱ्याचे पैसे

बिल हातात नाचवत ती मोबाइल कंपनीच्या काउंटरवर भांडायलाच आली होती. "रोज दुपारी ऑफिसातून नवऱ्याला फोन मी करते, त्याचे पैसे मी भरते. मग नुसता फोन उचलला म्हणून त्यांना कसले पैसे लावता?"

"ताई, फोन परदेशात असला की उचलणाऱ्यालाही पडतात," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"कसला परदेश? चार वर्षं अंथरुणाला खिळलेत ते. कुशीवरसुद्धा मीच वळवते त्यांना."

त्याने यादी तिच्यापुढे सरकवली. रोज दीडचा कॉल, रोज निराळा देश. "मशीन चुकलं असेल. अर्ज द्या, पैसे परत मिळतील."

अर्ज अर्धा लिहून झाला आणि दीड वाजला. सवयीने तिने फोन लावला. बऱ्याच वेळाने नवऱ्याने उचलला. "काय करताय?" तिने विचारलं.

"पडलोय गं. मी कुठं जाणार?"

उत्तर रोजचंच. पण आज तिने पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकलं. त्याला धाप लागली होती, डोंगर चढून आल्यासारखी.

तिने अर्जाची घडी करून पर्समध्ये टाकली.

"सहाला घरी पोचते मी," ती हळूच म्हणाली. "तोवर परत या."