हॅरिसननंतर

जेन गेली आणि मधुकरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यांची वाचा परत यावी म्हणून ती दर बुधवारी परदेशातल्या, पापाकुऱ्याच्या मुलाच्या या घरी यायची. गोड मुलगी. दारातूनच हसत ‘किआ ओरा’, म्हणजे तिथला नमस्कार, म्हणायची. पक्षाघातानंतर ओळीनं पाठ असलेलं आधी परत येतं, असं तिचं म्हणणं. म्हणून आज तिनं आकडे म्हणायला लावले, मग वार. पण सारा जन्म कॉलेजात इतिहास शिकवलेल्या माणसाला सोमवार-मंगळवार म्हणायची लाज वाटली असावी. त्यांनी ओठ मिटून घेतले ते घेतलेच. निघताना जेननं त्यांच्या बायकोला, सुनीतीला, दारात विचारलं, त्यांना दुसरं काही पाठ आहे का, एखादी प्रार्थना, एखादं गाणं? सुनीतीला काही सुचलं नव्हतं.

मुलगा आणि सून ट्रेननं ऑफिसला गेले होते. जुलैचं, म्हणजे इथल्या हिवाळ्याचं, फिकं ऊन कार्पेटवर पडलं होतं. सुनीतीनं हीटर पलंगाजवळ सरकवला आणि चादरींच्या घड्या घालायला बसली. बोलता येईना, ते तिनं सोसलं होतं. आता त्यांनी प्रयत्नच सोडला तर काय?

घड्या घालता घालता तिला सांगलीच्या घराची मागची खोली आठवली. वर्गात अमेरिकेचा इतिहास सुरू व्हायचा, त्याच्या आदल्या संध्याकाळी ते तिथे येरझाऱ्या घालत राष्ट्राध्यक्षांची नावं मोठ्यानं म्हणायचे. एकोणिसावं शतक, एकामागून एक. स्वयंपाकघरात तिच्या कानावर पडायची.

“जेफरसन,” चादरीकडेच बघत ती म्हणाली. पुढचं नीट आठवेना. “जेफरसन, मन्रो...”

“मॅडिसन.”

चादर तिच्या हातातच राहिली. मधुकरांनी मान वळवली होती. उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तशी त्यांच्या कपाळाला आठी होती.

“मॅडिसन,” ते पुन्हा म्हणाले. मग मन्रो. अ‍ॅडम्स. जॅक्सन. व्हॅन ब्यूरेन. जीभ जड होती, पण नावं आपल्या पायांनी चालत येत होती. हॅरिसन.

आणि ते थांबले.

हा हॅरिसन अध्यक्ष झाल्यावर महिन्याभरातच वारला, एवढं तिला ठाऊक होतं. अध्यक्ष खुर्चीत असताना जावा, असं पहिल्यांदाच घडलं होतं. उपाध्यक्षानं आता नुसतं काम बघायचं की अध्यक्षच व्हायचं, कुणालाच माहीत नव्हतं. वर्गात ते नेहमी इथे थांबायचे आणि सगळी हकीकत रंगवून सांगायचे. आताही ती ओठांपर्यंत आली असणार. ओठ हलले, मानेची शीर ताठली आणि नुसता ‘अं’ बाहेर पडला. त्यांचे डोळे भरून आले.

सुनीती उठून पलंगावर बसली. त्यांचा लुळा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

“अहो, हकीकत राहू दे आज,” ती म्हणाली. “नुसतं सांगा, मग कोण आलं?”

बाहेर पावसाची एक सर येऊन गेली.

“टायलर.”

पोक आला. टेलर आला आणि तोही मधेच गेला. मधुकर अडखळले, तिनं हात दाबला, फिलमोर आला. लिंकनपाशी ते पुन्हा थांबले, गारफील्डपाशीही; तेही दोघे खुर्चीत असतानाच गेलेले. दर वेळी ती तेच विचारायची, मग कोण? आणि कुणीतरी यायचंच. जॉन्सन. आर्थर. क्लीव्हलंड, मग दुसरा एक हॅरिसन, मग परत क्लीव्हलंड. तिला वाटलं, इथे चुकले. चुकलो नाही, अशी त्यांनी ठामपणे मान हलवली. मॅकिन्ली.

शतक संपलं. दमून त्यांनी डोकं उशीवर टेकलं.

“मग?” तिनं विचारलं.

ते तिच्याकडे बघत राहिले. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

“उद्या,” मधुकर म्हणाले.

हे कुणाचं नाव नव्हतं. सुनीतीनं जर्सीच्या बाहीनं डोळे पुसले आणि सावरून बसली.

“बरं, सर,” ती म्हणाली.