एकाच नावाचे दोन फोल्डर

फोटो बंद करायला आर्वोचा हात पुन्हा उजव्या कोपऱ्यात गेला. नव्या मॅकवर ते बटण डावीकडे असतं, हे कायसाने, त्याच्या मुलीने, चारदा तरी सांगितलं होतं. पण कॅनडातल्या थंडर बेच्या कागद गिरणीत तीस वर्षं विंडोजवर काम केलेला हात तो. जित्याची खोड, दुसरं काय!

जुन्या कॉम्प्युटरमधले हेल्मीचे फोटो पेनड्राइव्हवर होते. हेल्मी, त्याची बायको, जाऊन दीड वर्ष झालं होतं. फोल्डरला त्याने तिचंच नाव दिलं होतं. मॅकवरही त्या नावाचा एक फोल्डर होता. त्यात तिच्या आवाजातले फोनवरचे अकरा निरोप. परवाच ते उतरवून घेऊन त्याने जुना फोन दुकानात देऊन टाकला होता. येताना दूध आण. बर्फावरून जपून. कुठे उलथलायस म्हाताऱ्या? रोज जेवताना तो त्यातला एक लावायचा. घरात त्याच्याशी बोलणारं तेवढंच उरलं होतं.

पेनड्राइव्हवरचा फोल्डर त्याने मॅकवर ओढून आणला. या नावाचा आधीच एक आहे, त्याच्या जागी हा ठेवू का, असं मॅकने विचारलं. जुना कॉम्प्युटरही असंच काहीतरी विचारायचा, आणि हो म्हटलं की दोन्हीकडचं सामान एकत्र करून द्यायचा. आर्वोने हो म्हटलं.

फोटो सगळे आले. निरोप एकही नव्हता. कचऱ्याची टोपलीही रिकामी होती.

त्याने व्हँकुव्हरला कायसाला फोन लावला. मॅक एकत्र वगैरे करत नाही, जुना फोल्डर पुसूनच टाकतो, आणि तो परत मिळत नाही, असं ती म्हणाली. काय होतं त्यात, तिने विचारलं. मॅक तिनेच हौसेने घेऊन दिला होता.

“काही नाही गं, असंच.”

“मग एवढा काय घाबरलास? आधी मला विचारत जा ना, बाबा.” ती हसली. मग हळूच म्हणाली, “आईचे ते निरोप आहेत ना तुझ्याकडे? इतके दिवस ऐकायचा धीरच होत नव्हता. आता पाठव मला.”



“तूच ये इकडे,” तो म्हणाला. “ती काय काय म्हणायची, मी सांगतो तुला.”