शेरेबुक

परभणीहून प्रशिक्षण घेऊन आलेले केंद्रप्रमुख दत्तराव पहिल्यांदाच गुरुजींची खुर्ची नाकारून पोरांमध्ये सतरंजीवर बसले. वह्या तपासून माघारी फिरू नका, वर्गात बसा, असं तिथं बजावलं होतं. तास संपला, तेव्हा खिचडी शिजवणारी सुकेशनी हजेरीच्या वहीवर अंगठा उठवायला आली. "सही शिकून घे की गं," दत्तराव म्हणाले. "याच शाळंत चौथी झाले, साहेब. तुमीच आलता तपासायला. खुर्चीतच चहा पिऊन गेलता." ती हसली. दत्तरावांनी कपाटातून तिच्या चौथीच्या सालचं, तपासणीचे शेरे लिहायचं शेरेबुक काढलं. पानावर त्यांचंच वळणदार अक्षर होतं: 'चौथीची सर्व मुले वाचतात.' सुकेशनी अंगठा पदराला पुसत जवळ आली. "आमच्या वक्ताचं हाय का? काय लिवलंय, वाचा की." दत्तरावांनी चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ धरलं. पण चार शब्दांची ओळ त्यांच्याच्यानं वाचवेना.