यंत्रानंतरचा माणूस

"अहो, मी काल छकुलीच्या ऑपरेशनसाठी फेरतपासणीचा अर्ज केला," दुपारी बायको फोनवर म्हणाली, आणि तपासनिसाचं हिरव्या बटणावरचं बोट तिथेच थांबलं. "विमा कंपनीच्या यंत्राने नाही म्हटलं, तर कायद्याने माणसाला बघावंच लागतं म्हणे. माणूस बघणार म्हटल्यावर मला रात्री शांत झोप लागली."

त्याने मात्र बोट मागे घेतलं. तो माणूस काय बघतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? यंत्राने नाकारलेलं प्रत्येक प्रकरण एका जिवंत माणसाने तपासावं असा कायदा झाला, म्हणून तर या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. यंत्राने म्हणायचं आणि खुर्चीवाल्याने री ओढायची. हिरवं बटण दाबलं की नकार कायम. लाल दाबलं की मंजुरी, पण दाबणाऱ्याची वरून चौकशी. कायद्याच्या तोंडाला पानं पुसायचा हा कारभार, आणि न वाचता हिरवं दाबण्यात आपल्या तपासनिसाचा हात धरणारा कुणी नव्हता. घरी त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. नवरा कॉम्प्युटरवर काहीतरी महत्त्वाचं काम करतो, एवढंच बायकोला माहीत होतं.

छकुली सात वर्षांची. हृदयाला छिद्र. जिना चढली तरी तिचे ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता थांबू नका.

सगळ्या विमा कंपन्यांची प्रकरणं याच खोलीत यायची. त्याने आजूबाजूला पाहिलं. टपाटप बटणं दाबली जात होती. शेजारचा तर जांभई देत दाबत होता. आपली पोर यातल्या कुणाच्या पडद्यावर असेल? विचारायची सोय नव्हती. खासगी माहिती जपायचा दुसरा कायदा होता, त्यामुळे प्रकरणावर ना नाव, ना पत्ता. नुसतं वय आणि आजार.

तो वाचायला लागला. एका म्हाताऱ्याचा गुडघा. एका बाईच्या गळ्यातली गाठ. प्रत्येक प्रकरण उघडताना त्याला घाम फुटत होता, आणि ते छकुलीचं नाही हे कळल्यावर आणखी फुटत होता.

खोलीवर देखरेख करणाऱ्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "बरं नाही का? तुमचं काम पुढे सरकतच नाहीये."

"वाचतोय, मॅडम."

"वाचायचं काम यंत्राने केलेलं असतं," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "मागे एक जण असाच वाचायला लागला होता. आता कुठे असतो, काही कळलं का तुम्हाला?"

तरी तो वाचत राहिला, चोरून.

ऑफिस सुटायच्या सुमाराला ते प्रकरण समोर आलं. मुलगी, वय सात. हृदयाला छिद्र. जिना चढताना ओठ निळे पडतात. यंत्राचा शेरा होता, घाई नाही. मागे कोण उभं आहे हे न बघता त्याने लाल बटण दाबलं. पडद्यावर 'मंजूर' उमटलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. नोकरी जायची तर जाऊ दे, पोर वाचली.

बाहेर जिन्यात येऊन त्याने घरी फोन लावला. "आता अजिबात काळजी करू नकोस."

पलीकडून हुंदके ऐकू आले.

"अहो, निरोप सकाळीच येऊन पडला होता. मी आत्ता उघडला. नामंजूर. माणसाने तपासून नकार कायम केला, असं लिहिलंय."

त्याने कठडा घट्ट धरला. म्हणजे मघाची ती दुसऱ्याच कुणाची तरी पोर होती. आणि सकाळी त्या खोलीत कुणीच वाचत नव्हतं. तोही नाही.

"सात वर्षांचं लेकरू आहे," बायकोने विचारलं, "एवढंही वाचलं नसेल का हो त्या माणसाने?"