पकड

सातव्या दिवशी सकाळी मामाचा पाय गुडघ्याखाली काळा पडला.

बेटाच्या आडोशाला नांगर टाकताना बोट खडकावर आपटली होती आणि इंजिन सांभाळणाऱ्या मामाचा पाय नेमका मध्ये सापडला होता. तेव्हापासून चौघे किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये अडकून पडले होते. कधीकाळी तिथे कुणी नारळ सोलत असावं. कोपऱ्यात करवंट्यांचा ढीग होता. आता बेटावर माणूस औषधालाही नव्हतं. अर्धे पत्रे वाऱ्याने नेले होते आणि उरलेले असे थडथडत की बोलायचं तर ओरडावं लागे.

बोटीचा प्रमुख असलेल्या तांडेलने पायावरचं फडकं सोडलं आणि लगेच परत गुंडाळलं. वास सुटायचा तो सुटलाच.

"दादा, आज निघायचं," धाकटा म्हणाला. तांडेलचा सख्खा भाऊ. बोटीचं सुकाणू त्याच्या हाती.

"खिंड बघितलीस?"

खिंड म्हणजे बेटाभोवतीच्या खडकांतून बाहेर पडायची एकुलती एक वाट. बोटीच्या जेमतेम दुप्पट रुंद. सात दिवस तिथे माडाएवढी लाट फुटत होती.

"बघितली. मी काढतो बोट."

"चौघेही मरू."

"आणि इथे बसून काय होणार? आई गेल्यावर यानेच वाढवलं आपल्याला. तुझं काळीज तुटत नाही?"

"तुटतं. तरी नाही."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो सरळ पावसात चालू पडला.

बोटीवरच्या आचाऱ्याला सगळे मुका म्हणत, कारण त्याची जीभ कधी टाळ्याला लागत नसे. तांडेल उठला आणि धावला. मागोमाग मुका.

धाकटा छातीभर पाण्यातून बोटीपाशी पोचला होता. तिच्या काठावरून लोंबणारा दोर धरून वर चढणार, तेवढ्यात तांडेलने त्याचा पाय ओढला. धाकटा वळला आणि त्याचं कोपर तांडेलच्या नाकावर बसलं. कट्कन आवाज झाला. रक्त तोंडात आलं. धाकट्याने आणखी एक ठोसा लगावला, मग आणखी एक. तांडेलने दोन्ही हातांनी त्याची मान पकडली आणि त्याला पाण्याखाली दाबलं.

याची रग जिरवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. खालून धाकट्याची नखं त्याच्या मनगटांवर ओरखडे काढत होती. मग ती थांबली. आता सोडायचं, हे तांडेलला कळत होतं. पण सात दिवसांचा वारा, तो वास, स्वतःच्याच तोंडून निघालेलं ते 'नाही', सगळं त्याच्या हातांत उतरलं होतं. हात सुटेनात.

मुक्याने त्याच्या पाठीत वल्हं घातलं. दुसऱ्या तडाख्याला हात सुटले.

दोघांनी धाकट्याला ओढत वाळूवर आणलं, पालथं घातलं, पाठीवर दाबलं. बराच वेळ काहीच नाही. मग तो भडाभडा पाणी ओकला. तांडेल नुसतं "अरे... अरे..." म्हणत राहिला. त्याने आधाराला हात पुढे केला. धाकट्याने त्या हाताकडे पाहिलं आणि मुक्याचा खांदा धरून तो उठला.

ते शेडमध्ये आले तेव्हा मामा भिंतीला टेकून बसला होता. मांडीला त्याने स्वतःच दोर आवळला होता. सरपटत जाऊन लाकडं फोडायची कुऱ्हाड आणली होती आणि ती दगडावर घासत होता. चुलीच्या निखाऱ्यात मुक्याचं लोखंडी उलथनं लाल होत होतं.

"झाली मारामारी?" त्याने विचारलं. "असे खाली मुंडी घालून काय उभे राहिलात? मला काही ऐकू येत नाही होय? बोट काढून चौघांची माती करायची नाही आणि मला इथे सडवायचंही नाही. एकाने धरा, एकाने घाव घाला. आणि मुक्या, तू बोलत राहा. काहीही बोल."

मुक्याला एक शब्द सुचेना.

थोरला म्हणून हे आपलंच काम, असं मानून तांडेलने कुऱ्हाडीला हात घातला. धाकट्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. त्याच्या मानेवर बोटांचे वळ उठले होते. आवाज कसाबसा निघाला.

"तू धर, दादा. तू धरलंस की सुटत नाही."

तिसऱ्या घावाला पाय सुटला. उलथनं टेकलं तेव्हा मामाने पत्र्यांच्या थडथडाटाच्या वर आवाज काढला आणि मान टाकली. श्वास चालू होता. आता कुठे मुक्याला वाचा फुटली. बायको, तिची म्हैस, म्हशीचं दुखणं, तो सुटला तो थांबेना.

तांडेल मांडी तशीच दाबून बसला होता. धाकट्याने कुऱ्हाड खाली ठेवली, त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि भावाचं एकेक बोट उचलून ते हात सोडवले.