सापाचा वेगळा टब

पुंडलिकनगरातल्या आकाशचा साप काचेच्या पेटीत राहायचा, पण जेवायचा मात्र टबात. पेटीतच उंदीर टाकला तर साप आत आलेल्या हातालाही घास समजतो म्हणे! असलं शहाणपण आकाशकडं पोत्यानं पडलेलं.

लासूरहून आलेल्या सासूबाई, कडूबाई, म्हणाल्या, "जावईबापू, एखादा उंदीर पेटीतबी टाका. तिथला लई उपाशी हाय."

"साप एकच आहे, मामी. एकपर्यंत तरी मोजता येतं ना?"

खेडवळ अकलेला हसतच त्यानं जेवलेला साप उचलून पेटीत सोडायला हात घातला. साप उतरेना. मनगटाला आवळून थरथरायला लागला.

"भित्रं कुठलं!" म्हणत आकाशनं हात तळाशी टेकवला.

पेटी रिकामीच होती. फक्त भुशावर एकामागून एक वळण उमटत त्याच्या बोटांकडं येत होतं.